कारुसोचा आवाज आणि कर्ण्याचा नाद : एका ध्वनिशुद्धीचा प्रकरण अभ्यास

एन्रिको कारुसो हा इटालियन गायक २ ऑगस्ट १९२१ रोजी नेपल्स येथे वारला आणि विजेवर चालणाऱ्या मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत मोठ्या ग्रामोफोन कंपन्यांनी १९२५ साली स्वीकारली. मधल्या या चार वर्षांमुळे कारुसोचे मायक्रोफोनसमोरचे गाणे जगाला कधीच मिळाले नाही. त्याचे जे काही उपलब्ध आहे ते सगळे धातूच्या कर्ण्यातून मेणावर कोरलेले आहे. ते ऐकताना आवाज आपल्यापर्यंत पोहोचतो खरा, पण त्याच्याबरोबर कर्ण्याचा स्वतःचा नादही पोहोचतो आणि या दोहोंतले कोणते कुणाचे हे कानाला सांगता येत नाही. हा नाद मोजून काढून टाकण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेतील युटा विद्यापीठात टॉमस स्टॉकहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात केला. त्या प्रयत्नाची रचना, त्यातील गृहीतके आणि त्या गृहीतकांच्या मर्यादा यांचा विचार येथे केला आहे. कर्ण्याच्या काळात आपल्याकडेही मोठे गायक मुद्रित झाले आहेत, त्यामुळे या प्रकरणाकडे केवळ परदेशातील एक जुनी तांत्रिक करामत म्हणून पाहणे मला योग्य वाटत नाही.

मूळ मुद्रण कसे होत असे

कर्ण्याच्या पद्धतीत वीज कोठेही नव्हती. गायक कर्ण्याच्या रुंद तोंडासमोर उभा राहून गात असे, निमुळत्या टोकाला एक पातळ पडदा असे, हवेच्या दाबाने तो हाले आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीत नागमोडी खाच कापत असे. सुई हलवण्याची सगळी ताकद गळ्यातूनच यावी लागे. म्हणून व्हायोलिनला लाकडी पेटीऐवजी धातूचा भोंगा जोडलेले स्ट्रोह व्हायोलिन वापरत, डबल बासचे काम पुष्कळदा ट्यूबाकडे देत, आणि तार स्वर लावताना गायकाला मागे सरकावे लागे, नाहीतर सुई खाचेच्या भिंती फोडून टाकी. या यंत्रणेत साधारण दोनशे हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दोनशे कंपनांच्या, खालचे आणि तीन हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उमटत नसे.

पट्टा अरुंद असणे ही अडचणीची एकच बाजू झाली. दुसरी बाजू अधिक त्रासदायक होती. रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलले की एखादाच स्वर घुमतो, त्याप्रमाणे प्रत्येक कर्ण्याला, त्याच्या नळीला आणि पडद्याला स्वतःचे काही ठरावीक स्वर असत. गायकाच्या आवाजातील जो घटक त्या स्वरांपाशी येई तो कित्येक डेसिबलने फुगे आणि दोन शिखरांच्या मधला घटक दबून जाई. परिणामी एकाच वाक्यात एक स्वर अंगावर येतो आणि लगतचा मागे राहतो, ‘आ’कार कधी ‘ओ’काराकडे झुकतो आणि सगळ्याच गाण्याला जुन्या तबकडीचा तो ओळखीचा भोंग्यासारखा रंग चढतो. त्यातच कर्णे अनेक होते, मुद्रक, म्हणजे ध्वनिमुद्रण करणारे तंत्रज्ञ, प्रसंगानुसार ते बदलत, एका वेळी दोन-दोन कर्णेही जोडत, आणि कोणत्या दिवशी कोणता कर्णा वापरला याची नोंद क्वचितच सापडते. म्हणजे बिघाड कोठे झाला हे माहीत आहे, पण बिघाड करणारे साधन तपासायला हातात नाही, अशी ही परिस्थिती होती.

साध्या फिल्टरने का भागत नाही

घरच्या ध्वनिवर्धकावर खर्ज आणि तिखटपणा यांची जी बटणे असतात त्यांच्यामागील सर्किट वर्णपटाला, म्हणजे कोणत्या वारंवारतेचा घटक किती जोरात आहे त्या आलेखाला, हलका उतार किंवा चढ देते. कर्ण्याची शिखरे मात्र अरुंद असतात आणि अनियमित अंतरावर पसरलेली असतात, त्यामुळे असा उतार त्यांना स्पर्शही करत नाही. कंडेन्सर, कॉइल किंवा ऑप-अँप ही प्रवर्धक चिप वापरून एकेका शिखरासाठी स्वतंत्र अरुंद फिल्टर करता येतो, परंतु अशा प्रत्येक फिल्टरचे तीन आकडे ठरवावे लागतात : कोणत्या वारंवारतेवर कापायचे, किती रुंद कापायचे आणि किती खोल कापायचे. दहा शिखरे असतील तर तीस आकडे झाले, आणि ते कानाने ठरवायचे म्हटले की ठरवणाऱ्याची आवड त्यात उतरते. कारुसोच्या बाबतीत हा धोका विशेष आहे, कारण पाश्चात्त्य पद्धतीने कमावलेल्या पुरुषी आवाजात अडीच ते तीन हजार हर्ट्झच्या आसपास एक नैसर्गिक उंचवटा असतो आणि वाद्यवृंदावरून आवाज पलीकडे पोहोचतो तो त्याच्याच जोरावर. हा उंचवटा नेमका त्या भागात येतो जेथे कर्ण्याची क्षमता संपत आलेली असते. तेथे एखादे शिखर दिसले तर ते गळ्याचे की पत्र्याचे, हे नुसत्या ऐकण्यावरून ठरवणारा माणूस अंदाजच करत असतो.

यापूर्वीचा एक प्रयत्न येथे नोंदवायला हवा. १९३२ साली व्हिक्टर कंपनीने कारुसोच्या जुन्या तबकड्या विजेच्या साधनांनी वाजवून त्यांच्यावर नव्याने बसवलेल्या वाद्यवृंदाचे वादन चढवले आणि त्या पुन्हा बाजारात आणल्या. वाद्यवृंदाचे संचालन नॅथॅनियल शिलक्रेट यांनी केले होते. जुन्या साथीचे आणि आवाजाचे घटक एकाच पट्ट्यात असल्यामुळे साथ गाळून बाजूला काढता येत नव्हती, ती फक्त झाकता येत होती. ऐकणाऱ्याला भरदारपणा मिळाला, पण कारुसोच्या आवाजावरचा कर्ण्याचा ठसा होता तसाच राहिला.

स्टॉकहॅम यांची मांडणी

स्टॉकहॅम हे एमआयटीत शिकलेले आणि तेथेच शिकवलेले अभियंते होते. अमर बोस यांच्याबरोबर त्यांनी खोलीत ध्वनी कसा वागतो याची नक्कल संगणकावर करण्याचे काम केले होते. १९६५ साली कूली आणि टुकी यांनी फूरिए रूपांतर, म्हणजे संकेत त्याच्या वारंवारतांमध्ये मोडण्याचे गणित, झपाट्याने करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी स्टॉकहॅम यांनी तिच्या आधारे लांबलचक फिल्टर संगणकावर स्वस्तात कसा चालवायचा हे दाखवले. १९६८ मध्ये ते युटा विद्यापीठात आले. त्याच वर्षी ॲलन ओपनहाइम आणि रोनाल्ड शेफर यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी एकमेकांत गुणल्या गेलेल्या किंवा मिसळल्या गेलेल्या संकेतांना लॉगॅरिथमच्या साहाय्याने वेगळे करण्याची कल्पना मांडली होती. कारुसोच्या तबकड्यांवरचे काम याच कल्पनेतून निघाले आणि त्याचा तपशील टॉमस कॅनन आणि रॉबर्ट इंगेब्रेट्सन यांच्यासह १९७५ च्या एप्रिल महिन्यात प्रसिद्ध झाला. हलल्यामुळे अस्पष्ट झालेली छायाचित्रे स्वच्छ करण्यासाठीही तीच गणिती रीत त्या निबंधात वापरलेली आहे.

मांडणी अशी आहे. कर्णा हे साधन प्रत्येक वारंवारतेला एका ठरावीक आकड्याने गुणते. गायकाच्या आवाजातील ७०० हर्ट्झचा घटक कर्ण्यातून जाताना चौपट होत असेल तर तो गाण्याच्या पहिल्या ओळीतही चौपट होतो आणि शेवटच्या ओळीतही चौपटच होतो, कारण मुद्रण चालू असताना कर्णा बदलत नाही. आवाज मात्र क्षणाक्षणाला बदलतो. गुणाकाराचा लॉगॅरिथम घेतला की त्याची बेरीज होते. म्हणून मुद्रणाचा कोणताही लहान तुकडा घेऊन त्याचा वर्णपट डेसिबलमध्ये मांडला, तर तो ‘त्या क्षणीचा आवाज अधिक कर्णा’ असा वाचता येतो. असे शेकडो तुकडे घेऊन त्यांची सरासरी काढली की कर्णा जसाच्या तसा राहतो आणि बदलता आवाज त्याच्या स्वतःच्या सरासरीकडे स्थिरावतो. हाती येते ती ‘आवाजाची सरासरी अधिक कर्णा’ अशी एक वक्ररेषा.

ही सरासरी किती विश्वासार्ह असते हे साध्या हिशेबाने पाहता येते. चार मिनिटांची तबकडी धरली आणि तिचे अर्ध्या सेकंदाचे तुकडे निम्मे एकमेकांवर चढवून पाडले तर साडेनऊशेहून अधिक तुकडे मिळतात. निव्वळ यादृच्छिक गोंगाटाच्या एका तुकड्याचा वर्णपट प्रत्येक वारंवारतेवर सुमारे साडेपाच डेसिबलने इकडेतिकडे होत असतो. नऊशे स्वतंत्र तुकड्यांच्या सरासरीत ही चलबिचल तीसपटींनी घटते, म्हणजे दोन दशांश डेसिबलच्या आत येते. एकमेकांवर चढलेले तुकडे पूर्ण स्वतंत्र नसतात आणि संगीत हे काही यादृच्छिक गोंगाट नव्हे, म्हणून प्रत्यक्षातील लाभ कमी असतो. तरीही कित्येक डेसिबल उंचीची शिखरे स्पष्ट दिसायला तो पुरेसा आहे. तुकडा किती लांब घ्यावा यालाही कारण आहे. कर्ण्यातील नाद विरायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा तुकडा बराच लांब असला पाहिजे, नाहीतर एका तुकड्यातील नादाचे शेपूट पुढच्या तुकड्यात सांडते आणि गुणाकाराचे सोपे नाते मोडते. कर्ण्याचा नाद सेकंदाच्या लहान अंशात विरत असल्याने अर्धा सेकंद त्याला भरपूर होतो.

लॉगॅरिथमची सरासरी घेण्याचा आणखी एक परिणाम आहे आणि तो प्रत्यक्ष काम करणाऱ्याने नीट ध्यानात ठेवावा असा आहे. साध्या सरासरीत मोठ्याने गायलेले तुकडे हळू गायलेल्यांना झाकून टाकतात. लॉगॅरिथममध्ये मात्र हळू गायलेल्या तुकड्यालाही मोठ्याने गायलेल्या तुकड्याइतकेच वजन मिळते. कर्ण्याचा अंदाज घ्यायला हे फायद्याचे आहे, पण त्यामुळेच गायक श्वास घेत असतानाचे, केवळ खरखर असलेले तुकडे आधी वगळावे लागतात, कारण खरखर कर्ण्यातून आलेली नसते. ती तबकडीच्या पृष्ठभागाची असते आणि तिला कर्ण्याचा रंग नसतो. खाचेतील ओरखड्यांचे टकटक आवाजही याच टप्प्यापूर्वी काढावे लागतात, कारण एका टकटकीत सगळ्याच वारंवारता असतात आणि ती सरासरीत सर्वत्र थोडी थोडी भर घालते.

आता ‘आवाजाची सरासरी अधिक कर्णा’ यातून आवाजाची सरासरी वजा करायची राहिली, आणि तीच नेमकी अज्ञात होती. येथे स्टॉकहॅम यांनी धाडसी पण विचारपूर्वक निवड केली. कारुसोचे १९०७ सालचे एक मुद्रण त्यांनी घेतले आणि तेच गीत स्वीडिश गायक युसी ब्यर्लिंग याने मायक्रोफोनच्या काळात गायलेले घेतले. गीत तेच असल्यामुळे स्वर तेच, शब्द तेच, म्हणून स्वरवर्णांचे प्रमाणही तेच. दोघेही टेनर, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुषी, आवाजाचे. ब्यर्लिंगच्या मुद्रणाचीही त्याच रीतीने सरासरी काढली, ती कारुसोच्या सरासरीतून वजा केली आणि जी बाकी उरली तिला कर्ण्याची वक्ररेषा मानले. ती वक्ररेषा उलटी केली की फिल्टर तयार झाला : कर्ण्याने जेथे १२ डेसिबल वाढवले असतील तेथे १२ डेसिबल कमी करायचे आणि जेथे दाबले असेल तेथे उचलायचे. मूळ आवाज माहीत नाही आणि कर्णाही माहीत नाही, अशा दुहेरी अज्ञानातून ही उकल होत असल्यामुळे या रीतीला अभियंते ‘आंधळे’ उलटगणित म्हणतात.

असा फिल्टर सुट्या भागांच्या सर्किटने उभा करणे व्यवहारात अशक्यप्राय होते, कारण त्याच्या वक्ररेषेत शेकडो चढउतार असतात. संगणकावर तो आकड्यांच्या एका लांब रांगेच्या रूपात मावतो. तबकडीवरचा संकेत प्रथम प्रवर्धकातून जातो, मग उपयुक्त पट्ट्यापलीकडचे सगळे कापणाऱ्या फिल्टरमधून, मग नमुने घेणाऱ्या परिवर्तकातून, आणि त्यानंतर तो केवळ आकड्यांच्या स्वरूपात उरतो. पाच हजार हर्ट्झपर्यंतचा ध्वनी जपायचा तर सेकंदाला किमान दहा हजार नमुने लागतात आणि चार मिनिटांचे चोवीस लाख होतात. प्रत्येक नमुन्यासाठी हजार आकड्यांचा फिल्टर सरळ चालवला तर दोनशे चाळीस कोटी गुणाकार करावे लागतात. फूरिए रूपांतराच्या वाटेने तेच काम दहापटीहून कमी गुणाकारांत होते. १९७० च्या दशकातील विद्यापीठाच्या संगणकावर असे काम शक्य झाले त्याचे एक मोठे कारण ही बचत होते.

जे निष्पन्न झाले आणि जे झाले नाही

१९७६ साली आरसीए कंपनीने या रीतीने शुद्ध केलेल्या कारुसोच्या मुद्रणांची लाँग-प्ले तबकडी प्रसिद्ध केली. त्याच्या आधी, १९७५ मध्ये, स्टॉकहॅम यांनी सॉल्ट लेक सिटी येथे साउंडस्ट्रीम ही कंपनी सुरू केली होती आणि पुढे नवी मुद्रणे थेट अंकीय स्वरूपात करण्याच्या कामात ती अग्रेसर ठरली. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या टेपमधील साडेअठरा मिनिटांच्या रिकाम्या भागाची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञमंडळातही ते होते. ध्वनीच्या तरंगरूपातून पुरावा वाचण्याची त्यांची सवय किती जुनी होती हे त्यावरून दिसते.

शुद्ध केलेल्या मुद्रणात भोंग्याचा रंग पुष्कळ ओसरतो. सुटे सुटे वर येणारे स्वर ओळीत येतात आणि गायक एकाच ताकदीने गात आहे हे जाणवू लागते. माझ्या मते हाच या कामाचा खरा लाभ आहे : कारुसोच्या स्वराचा लगाव, जो कर्ण्याने तुकड्यातुकड्यांत मोडला होता, तो सलग ऐकू येतो. परंतु काही गोष्टी या रीतीच्या आवाक्याबाहेरच आहेत आणि त्या स्पष्ट सांगितल्या पाहिजेत.

तीन हजार हर्ट्झच्या पुढे कर्ण्याने आवाज समजा ३० डेसिबलने दाबला असेल, तर उलटा फिल्टर तो ३० डेसिबलने उचलेल, पण त्याच जागी असलेली तबकडीची खरखरही ३० डेसिबलने उचलली जाईल. जेथे आवाज खरखरीच्या खाली बुडाला आहे तेथे उचलण्यासारखे काही उरलेलेच नसते, म्हणून उलट्या फिल्टरला कोठेतरी मर्यादा घालावीच लागते. ती कोठे घालायची याचे उत्तर गणित पूर्णपणे देत नाही. तार स्वरावर सुईने खाचेच्या भिंती फोडल्यामुळे येणारी फाटकी चर्र तर कोणत्याही फिल्टरने जात नाही, कारण ती गुणाकारातून आलेली नसते. तेथे मूळ लहरीचा आकारच नष्ट झालेला असतो. वाद्यवृंदाचेही तसेच. तो कर्ण्याच्या बाजूला, मागे, कधी उंचावर बसलेला असे, त्यामुळे त्याला कर्ण्याने लावलेला आकडा गायकाला लावलेल्या आकड्याहून वेगळा असतो आणि गायकासाठी बनवलेला फिल्टर त्याला अर्धवटच लागू पडतो.

आणखी एक अडचण ऐकणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. वर्णपटाच्या सरासरीतून प्रत्येक वारंवारतेची उंची कळते, पण फेज, म्हणजे निरनिराळ्या घटकांचा परस्परांतील मागेपुढेपणा, कळत नाही. तो अभियंत्याला स्वतः ठरवावा लागतो. फिल्टर काळाच्या दोन्ही बाजूंना, मागेपुढे, सारखा ठेवला तर अरुंद शिखर कापताना स्वर सुरू होण्याच्या किंचित आधीच त्याची पुसट चाहूल ऐकू येऊ शकते, आणि मानवी कान स्वरानंतरचा नाद जितका झाकून घेतो तितका स्वरापूर्वीचा झाकत नाही. दुसरा पर्याय असा की सगळा उलटा नाद स्वरानंतरच येईल अशी रचना करायची. कर्णा हे भौतिक साधन असल्यामुळे त्याचाही नाद स्वरानंतरच येत असे, म्हणून मला हा पर्याय अधिक न्याय्य वाटतो.

या सगळ्यांपेक्षा गंभीर प्रश्न संदर्भाचा आहे. ब्यर्लिंगची सरासरी वजा करताना आपण असे धरतो की दोघांच्या गळ्यांच्या सरासरीत फरक नाही. पण फरक होताच. कारुसोचा आवाज खालच्या अंगाने अधिक गडद, ब्यर्लिंगचा अधिक चमकदार, असे दोघांनाही ऐकणारे सांगत आले आहेत. या रीतीत तो फरक कर्ण्याच्या खात्यावर जमा होतो आणि मग फिल्टर तो ‘दुरुस्त’ करतो. म्हणजे कारुसोची सरासरी ब्यर्लिंगच्या सरासरीवर आणून बसवली जाते. त्यातून सुटण्याचा एक मार्ग आहे : गळ्यांमधील फरक वर्णपटात रुंद, हळू बदलणारे असतात आणि कर्ण्याची शिखरे अरुंद असतात, म्हणून संदर्भाची वक्ररेषा गुळगुळीत करून वापरायची आणि फिल्टरला प्रामुख्याने अरुंद शिखरांवरच काम करू द्यायचे. असे केले तरी रुंद उतारांचे श्रेय कोणाला द्यायचे हा प्रश्न उरतोच. म्हणून शुद्ध केलेल्या प्रतीबरोबर केवळ सुईने उचललेली, कोणताही फिल्टर न लावलेली प्रत जपून ठेवणे आणि लावलेल्या फिल्टरची वक्ररेषा नोंदवून ठेवणे ही माझ्या दृष्टीने किमान अट आहे. पुढच्या अभ्यासकाला संदर्भ बदलून पुन्हा हिशेब करता आला पाहिजे.

आपल्याकडच्या तबकड्यांना हे कसे लागू होते

११ एप्रिल १९०२ रोजी मिलान येथे एका हॉटेलच्या खोलीत कारुसोचे गाणे मुद्रित करणारे फ्रेड गायसबर्ग त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्यात आले आणि त्यांनी गौहरजान यांच्यासह अनेक कलावंतांची मुद्रणे केली. त्यानंतर पुढची वीसबावीस वर्षे ग्रामोफोन कंपनीचे मुद्रक मुंबईसह देशभर फिरत राहिले आणि १९०८ पासून तबकड्या कलकत्त्यातच छापल्या जाऊ लागल्या. तेच यंत्र, तसाच कर्णा, तीच अडचण. तेव्हा स्टॉकहॅम यांची रीत आपल्या जुन्या तबकड्यांना लावायची म्हटले तर काय बदलावे लागेल, हा केवळ कल्पनाविलास नाही.

पहिली अडचण गतीची आहे. त्या काळी तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांनीच फिरे असे नव्हते, सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या वरपर्यंत गती आढळते. गती सहा टक्क्यांनी चुकली तर संपूर्ण गाणे एका स्वरांतराने, म्हणजे पेटीच्या एका पट्टीने, वर किंवा खाली सरकते आणि त्याबरोबर स्वरवर्णांचे उंचवटेही सरकतात. मग संदर्भाशी तुलना बिघडते. ऑपेरातील गीताची पट्टी छापील स्वरलिपीत असते, म्हणून कारुसोची गती तपासायला आधार मिळतो. आपला गायक काळी एकमध्ये गात होता की पांढरी दोनमध्ये, हे आधी कोठे लिहिलेले नसते. साथीला पेटी असेल तर तिच्या सुरांचा काही आधार मिळतो, पण त्या काळच्या पेट्याही एकाच मापाला लावलेल्या नव्हत्या. सारंगीच्या साथीत तर तेवढाही आधार नाही.

दुसरी अडचण संदर्भाची, आणि ती येथे अधिक टोकदार होते. ब्यर्लिंगसारखा ‘तेच गीत, तसेच, त्याच पट्टीत गाणारा नंतरचा गायक’ आपल्या संगीतात मुळात संभवत नाही. तोच राग आणि तीच बंदिश असली तरी आलाप वेगळे, ताना वेगळ्या, अक्षरांवर थांबण्याचे प्रमाण वेगळे. एक मोहक उपाय सुचतो तो असा की काही गायक दोन्ही काळांत मुद्रित झाले आहेत, तर त्यांच्याच नंतरच्या मुद्रणाचा संदर्भ घ्यावा. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ यांची मुद्रणे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कर्ण्यासमोर झाली आणि १९३० च्या दशकात मायक्रोफोनसमोरही झाली. परंतु मधल्या काळात त्यांचा आवाज आणि आवाज लावण्याची रीत दोन्ही बदलली होती. उत्तरायुष्यातील मुद्रणांतील तो हळवा, बारीक, टोकदार लगाव सुरुवातीच्या तबकड्यांत तसा नाही. त्यांच्या १९३० च्या दशकातील सरासरीने जुन्या तबकड्यांचा फिल्टर बनवला, तर वयाने झालेला फरक कर्ण्याचा दोष म्हणून पुसला जाईल आणि तिशीतल्या खाँसाहेबांच्या गळ्यात साठीचा आवाज घातला जाईल. असे शुद्धीकरण मूळ खरखरीपेक्षा अधिक दिशाभूल करणारे ठरेल, असे मला ठामपणे वाटते.

यापेक्षा योग्य मार्ग त्या मुद्रणांच्या पद्धतीतच दडलेला आहे. फिरतीवरचा मुद्रक एका गावी मुक्काम करून, एकाच साधनसामग्रीने, थोड्या दिवसांत पुष्कळ कलावंतांना मुद्रित करीत असे. त्या मुक्कामातील गायक, गायिका, वादक सगळे वेगवेगळे असतात आणि समाईक असतो तो कर्णा. तेव्हा सरासरी एका तबकडीची न घेता त्या सगळ्या तबकड्यांची घेतली, तर गळ्यांचे वेगळेपण एकमेकांत बरेच विरून जाते आणि वर उरणारी अरुंद शिखरे ही कोणा एका गळ्याची असण्याची शक्यता फार कमी होते. मुक्कामातच कर्णा बदलला गेला असेल तर तेही कळते, कारण शिखरांच्या जागांवरून तबकड्यांचे दोन गट आपोआप वेगळे पडतात.

रुंद उतारांसाठी आणखी एक आधार आहे. त्या काळच्या अनेक भारतीय तबकड्यांच्या शेवटी गायक किंवा दुसरे कोणी मोठ्याने नाव उच्चारते. ते गाणे नसून बोलणे असते, आणि माणसाच्या बोलण्याचा दीर्घ सरासरी वर्णपट हा पुष्कळ अभ्यासलेला विषय आहे. साधारण २५० हर्ट्झच्या वर तो स्त्री आणि पुरुष यांच्यात, तसेच एका भाषेपासून दुसऱ्या भाषेत, फारसा बदलत नाही, आणि त्याखालचे कर्ण्यातून तसेही फारसे उमटत नसे. मात्र ही घोषणा कर्ण्यात ओरडून केलेली असते. ओरडताना आवाजाची शक्ती वरच्या वारंवारतांकडे सरकते, म्हणून संदर्भाला संथ संभाषणाचा वर्णपट घेऊन चालणार नाही. तशाच जोराने उच्चारलेल्या बोलण्याचा वर्णपट आज मायक्रोफोनसमोर मुद्दाम मुद्रित करून घ्यावा लागेल. शिवाय एका तबकडीवर अशी घोषणा दोन-तीन सेकंदच असते आणि तेवढ्यावर सरासरी स्थिरावत नाही. साठ तबकड्यांवरील तीन-तीन सेकंद एकत्र केले तर तीन मिनिटांचे बोलणे मिळते आणि ते बहुतेक कामाला पुरावे. त्यासाठी त्या साठ तबकड्या एकाच मुक्कामाच्या आहेत हे मुद्रण-क्रमांकांवरून आधी निश्चित झालेले असावे लागते, आणि लेबलाजवळच्या कोऱ्या भागात कोरलेले ते क्रमांक तबकड्यांच्या यादीत उतरवण्याचे काम कोणत्याही फिल्टरच्या आधी करावे लागते.